परदेशात फिरताना सिगारेटच्या धुराचं काय करायचं? न ओढणाऱ्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या, धुराचा त्रास होणाऱ्या आणि तरीही मनसोक्त फिरायची इच्छा असणाऱ्यांसाठी आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. धूर नेमका कुठे साचतो हे प्रत्येक देशात वेगळं असतं, आणि ते आधी कळलं तर वाद न घालता बराच त्रास टाळता येतो.

दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराने खरंच काही होतं का, की मी उगाच बाऊ करतोय?

बाऊ अजिबात नाही. जळत्या सिगारेटच्या टोकातून निघणाऱ्या आणि ओढणाऱ्याने सोडलेल्या धुरात 7,000 हून अधिक रसायनं असतात आणि त्यातली सुमारे 70 कर्करोगाला कारणीभूत ठरतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालाने स्पष्ट सांगितलं की या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्वतः न ओढता केवळ इतरांच्या धुरामुळे जगभरात दरवर्षी 10 लाखांहून अधिक माणसं दगावतात.

याचा अर्थ रस्त्यात एकदा नाकात धूर गेला म्हणून घाबरून जावं, असा नाही. दोन आठवड्यांच्या सहलीत अधूनमधून गेलेला धूर आणि वर्षानुवर्षं घरात कोंडलेला धूर यांत फार मोठा फरक आहे. पण डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं, रात्री खोकला येणं हे सगळं खरं असतं आणि त्यात सहलीचे दिवस वाया जातात. दमा किंवा हृदयविकार असेल तर थोडा धूरही महागात पडू शकतो. त्यामुळे जागा बदलून मागताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

कोणत्या देशात किती धूर असेल हे जाण्याआधी कसं ओळखायचं?

कायदा आणि अंमलबजावणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. मार्च 2004 मध्ये आयर्लंडने पब आणि रेस्टॉरंटसह कामाच्या सगळ्या बंदिस्त जागी धूम्रपान बंद केलं. असं देशभर करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी नॉर्वे आणि न्यूझीलंड, 2005 च्या जानेवारीत इटली, 2007 च्या जुलैत इंग्लंड, 2008 मध्ये फ्रान्समधले कॅफे, 2011 मध्ये स्पेन अशी रांग लागली. या देशांत आत बसून जेवताना धुराचा त्रास जवळपास होत नाही.

पण सगळा युरोप एकसारखा नाही. ऑस्ट्रियात रेस्टॉरंट आणि बार पूर्णपणे धूरमुक्त व्हायला नोव्हेंबर 2019 उजाडला. जर्मनीत नियम राज्यागणिक बदलतो. बव्हेरियात 2010 च्या सार्वमतानंतर कडक बंदी आली, तर बर्लिनमध्ये 75 चौरस मीटरपेक्षा लहान आणि जेवण न बनवणाऱ्या बारला आत सिगारेट ओढू देण्याची मुभा आहे. अशा बारच्या दारावर तशी पाटी असते आणि 18 वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नसतो. स्वित्झर्लंडच्या काही प्रांतांत 80 चौरस मीटरपर्यंतच्या बारला अशीच सूट आहे. सर्बियात तर कॅफेच्या आतही लोक निवांत ओढत बसलेले दिसतात. ग्रीसमध्ये बंदी 2010 पासून कागदावर होती, ती खऱ्या अर्थाने लागू झाली 2019 नंतर. नुसतं कायद्याचं वर्ष पाहून निर्धास्त होऊ नका, असं सांगावंसं वाटतं ते याचसाठी.

आशियातही हीच तऱ्हा. सिंगापूर कडक आहे. तिथला ऑर्चर्ड रोडचा सगळा परिसर जानेवारी 2019 पासून नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर धूम्रपानमुक्त आहे. बीजिंगमध्ये जून 2015 पासून आणि शांघायमध्ये मार्च 2017 पासून बंदिस्त सार्वजनिक जागी बंदी आहे, पण मोठी शहरं सोडून आत गेलात तर भोजनालयात शेजारच्या टेबलावर सिगारेट पेटणं नवलाचं नाही. इंडोनेशियात निम्म्याहून अधिक पुरुष ओढतात, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात हा देश सामील झालेला नाही. तिथे जाताना तयारी जास्त हवी.

सगळ्यात भरवशाची माहिती मिळते ती गेल्या सहा महिन्यांत तिथे जाऊन आलेल्यांच्या अभिप्रायांत. त्यात ‘सिगारेट’, ‘धूर’, ‘वास’ हे शब्द त्या देशाच्या भाषेत शोधा. भाषांतराच्या ॲपने हे काम मिनिटाभरात होतं.

बंदी असलेल्या देशातही कॅफेत बसल्यावर नाकात धूर का जातो?

कारण तुम्ही बाहेर बसलेले असता. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. बंदी आतल्या जागेपुरती असते, त्यामुळे ओढणारे सगळे बाहेर येतात. फूटपाथवरची टेबलं, दाराच्या दोन्ही बाजू, छपराखालचा कट्टा, कार्यालयांच्या पायऱ्या इथे तो सगळा धूर गोळा होतो. प्रवाशाला मात्र बाहेरच बसायचं असतं, कारण रस्ता दिसतो, ऊन मिळतं, फोटो छान येतात.

अशा देशांत सरळ आत बसा. खिडकीजवळचं टेबल मागा, मात्र ती खिडकी बंद हवी आणि बाहेरच्या टेबलांना लागून नको. दारापासून जितकं आत जाल तितकं चांगलं. फ्रान्सने 2025 च्या उन्हाळ्यात समुद्रकिनारे, बागा, बसथांबे आणि शाळांच्या आसपास बंदी आणली, 135 युरोंचा दंडही ठेवला, पण कॅफेंचे बाहेरचे कट्टे त्यातून वगळले. पॅरिसमध्ये बाहेर बसून धूरमुक्त कॉफी मिळेल ही अपेक्षा म्हणूनच अजून धरता येत नाही.

सगळ्यात फसव्या असतात त्या थंडीतल्या अर्धबंदिस्त जागा. वर छप्पर, बाजूंना प्लास्टिकचे पडदे, मध्ये हीटर. नाव बाहेरच्या जागेचं, पण धूर कोंडतो खोलीसारखाच. स्पेनच्या कायद्यात छप्पर असलेल्या जागेला जास्तीत जास्त दोन बाजूंनीच भिंती असतील तरच ती उघडी जागा धरली जाते. ही कसोटी तुम्ही कुठेही वापरा. छप्पर आणि दोनपेक्षा जास्त बाजू बंद दिसल्या तर तिथे बसू नका.

उलट उदाहरणंही आहेत. स्वीडनमध्ये जुलै 2019 पासून रेस्टॉरंटच्या बाहेरच्या टेबलांवर, रेल्वेच्या फलाटांवर आणि इमारतींच्या प्रवेशद्वारांशीही मनाई आहे. मिलान शहराने जानेवारी 2025 पासून रस्त्यावर इतरांपासून 10 मीटर अंतर राखता येत नसेल तर ओढायला बंदी केली. मेक्सिकोने 2023 मध्ये समुद्रकिनारे, बागा आणि हॉटेलं या सगळ्यांचा समावेश बंदीत केला. तिथे बाहेर बसायला हरकत नाही, तरीही आजूबाजूला नजर टाकूनच टेबल निवडा.

उघड्यावर किती लांब बसलं म्हणजे पुरे?

दोन मीटर हा आकडा लक्षात ठेवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये बाहेरच्या जागांवर मोजमाप केलं, तेव्हा ओढणाऱ्याच्या अगदी हाताच्या अंतरावर धुराचे कण बंदिस्त खोलीइतके वाढलेले आढळले. दोन मीटरच्या पलीकडे मात्र ते झपाट्याने कमी होत गेले. हे एका सिगारेटबद्दल झालं. आजूबाजूला पाच-सहा जण ओढत असतील तर अंतर वाढवा.

अंतराइतकाच वारा महत्त्वाचा. टेबलावरचा कागदी रुमाल किंवा एखाद्याच्या सिगारेटचा धूर कुठे वाहतोय ते पाहा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या टोकाला बसा. रांगेत उभं असताना पुढच्याने पेटवली तर एक-दोन माणसांना पुढे जाऊ दिलं तरी पुरतं.

जपानमध्ये रस्त्यावर कोणी ओढताना दिसत नाही, पण लहान उपाहारगृहात धूर भेटतो. हे कसं?

तिथे आधी रस्ते स्वच्छ झाले आणि आतली जागा नंतर. टोकियोच्या चियोदा विभागाने 2002 मध्येच रस्त्यावर ओढणाऱ्यांना दंड लावायला सुरुवात केली. गर्दीत जळती सिगारेट लागून भाजण्याची भीती हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ओसाका शहरात जानेवारी 2025 पासून सगळ्या रस्त्यांवर बंदी आहे आणि दंड 1,000 येन. आतल्या जागांसाठीचा देशव्यापी कायदा मात्र एप्रिल 2020 मध्ये पूर्णपणे लागू झाला. त्यातही आधीपासून चालू असलेल्या, 100 चौरस मीटरपर्यंतच्या लहान मालकीच्या खानावळींना सूट मिळाली. टोकियोचा स्वतःचा नियम याहून कडक आहे, जिथे नोकर कामाला आहेत तिथे ही सूट मिळत नाही.

उपाय सोपा आहे. अशा प्रत्येक जागेच्या दारावर पाटी लावणं बंधनकारक आहे. ओढण्याची मुभा असलेल्या भागात 20 वर्षांखालच्यांना जाता येत नाही, त्यामुळे ‘20 वर्षांखाली प्रवेश नाही’ असं चिन्ह दिसलं की आत धूर असणार हे समजा. पाटीवरचं चित्र नीट बघा, कारण मनाई आणि मुभा या दोन्हींच्या जपानी पाट्यांत शेवटचं अक्षर एकच असतं आणि घाईत गल्लत होते. ‘किन्एन् सेकी’ म्हणजे धूम्रपान नसलेली जागा. एवढे दोन शब्द हसून म्हटले तरी काम होतं.

हॉटेलची खोली निवडताना नेमकं काय विचारू?

‘धूम्रपान नसलेली खोली’ आणि ‘संपूर्ण धूरमुक्त हॉटेल’ यांतला फरक आधी समजून घ्या. पहिल्यात तुमच्या खोलीत मनाई असते, पण शेजारच्या किंवा खालच्या मजल्यावर परवानगी असू शकते. दुसऱ्यात सगळी इमारतच धूरमुक्त असते. इंग्लंडमध्येही हॉटेलांना काही ठरावीक खोल्या ओढणाऱ्यांसाठी ठेवता येतात. म्हणून देशात बंदी आहे एवढ्यावर विसंबू नका.

आरक्षण केल्यावर हॉटेलला थेट निरोप पाठवा आणि चार गोष्टी विचारा. इमारतीत कुठेही ओढायला परवानगी आहे का? बाल्कनीत आहे का? बाहेरची ओढायची जागा कुठे आहे? आणि ही खोली पूर्वी ओढणाऱ्यांसाठी वापरली जात होती का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण गाद्या, पडदे, गालिचे यांत मुरलेला धूर अनेक महिने जात नाही.

खोली मागताना मुख्य दारावरची किंवा मागच्या अंगणावरची नको म्हणा. ओढणारे तिथेच जमतात आणि धूर वर चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची उघडी खिडकी तो बिनबोभाट आत घेते. वरच्या मजल्यावरची, रस्त्याच्या कोपऱ्याकडची खोली साधारणपणे बरी पडते. घर किंवा अपार्टमेंट भाड्याने घेणार असाल तर शेजाऱ्यांच्या बाल्कन्या किती जवळ आहेत ते फोटोत पाहा. मालकाचा त्यावर काहीच ताबा नसतो.

खोलीत पाऊल टाकताच जुन्या सिगारेटचा वास आला तर?

सामान उघडू नका. बॅग दाराशी ठेवून तसेच खाली जा आणि खोली बदलून मागा. यात दोन फायदे. एक, तुम्ही खोली वापरलेली नसल्याने हॉटेलला ती बदलणं सोपं जातं. दुसरा, अनेक हॉटेलं खोलीत ओढल्याबद्दल सफाईचा जबर आकार लावतात. वास आधीपासून होता हे तुम्ही लगेच नोंदवलं नाही तर तो तुमच्या बिलात येऊ शकतो. तोंडी सांगितल्यावर ॲपवर किंवा ईमेलने एक ओळ लिहूनही ठेवा.

सुगंधी फवारा मारून देतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने वास झाकला जातो, धुराचा अंश तिथेच राहतो. काही ठिकाणी ओझोनचं यंत्र लावतात. ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रासदायक आहे, तेव्हा ते चालू असताना आणि त्यानंतर खोली पुरेशी हवेशीर होईपर्यंत आत जाऊ नका.

हॉटेल भरलेलं आहे, खोली बदलता येत नाही आणि रात्री कुठून तरी धूर येतोय. काय करू?

पहिल्यांदा बाथरूमचा पंखा बंद करून बघा. ऐकायला उलटं वाटेल, पण तो पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरची हवा ओढून घेतो. कॉरिडॉरमध्ये धूर असेल तर तोही येतो. मग दाराखाली ओला टॉवेल नीट दाबून लावा. बाहेरची हवा चांगली असेल तर खिडकी उघडा, म्हणजे हवा तिथून येईल. धूर बाथरूमच्या जाळीतूनच येत असेल तर बाथरूमचं दार बंद ठेवा. झोपायची जागा दारापासून लांब करता आली तर करा. आणि रिसेप्शनला फोन कराच. रात्रपाळीच्या माणसाला नियम मोडणाऱ्या पाहुण्याला समज देता येते, तुम्ही शेजारचं दार ठोठावणं योग्य नाही.

विमानात आणि विमानतळावर काय परिस्थिती असते?

विमानात आता काळजी नाही. 1973 मध्ये पॅरिसजवळ एका विमानाच्या शौचालयात आग लागून 123 माणसं गेली, आणि शौचालयातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेली सिगारेट हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. अमेरिकेने 1988 पासून टप्प्याटप्प्याने देशांतर्गत उड्डाणांत बंदी आणली, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1992 च्या ठरावात जुलै 1996 पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणं धूरमुक्त करण्याचं आवाहन केलं. शौचालयाच्या दारावर राखदाणी अजूनही दिसते. कोणी नियम मोडलाच तर सिगारेट कचऱ्यात न जाता सुरक्षित विझावी, एवढ्यासाठीच ती असते.

विमानतळावरचे काचेचे कक्ष मात्र पुरेसे बंद नसतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2012 मध्ये मोजणी केली तेव्हा अशा कक्षांच्या लगतच्या हवेतलं प्रदूषण धूरमुक्त विमानतळांच्या सुमारे पाचपट निघालं. दार प्रत्येक वेळी उघडलं की धूर बाहेर येतो. त्या कक्षाशेजारच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी पुढे जा. बाहेर पडताना मुख्य दाराशी घोळका असतोच, तिथे टॅक्सीची वाट बघत थांबू नका. गाडी आल्यावरच बाहेर या.

रेल्वे आणि टॅक्सी?

जपानच्या शिनकान्सेन गाड्यांतले ओढण्याचे उरलेसुरले कक्षही 2024 च्या वसंतात बंद झाले. चीनच्या वेगवान गाड्यांत पूर्ण बंदी आहे, पण जुन्या पद्धतीच्या साध्या गाड्यांत दोन डब्यांच्या जोडावर लोक ओढतात. तिथे डब्याच्या मधलं आसन किंवा शय्या घ्या, टोकाची नको. स्वित्झर्लंडच्या स्थानकांत फलाटावर आखलेल्या जागेतच परवानगी आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की झालं.

टॅक्सीत बसण्याआधी वास घ्या. गाडीत नुकतीच ओढलेली असेल तर ‘दुसरी बोलावतो’ म्हणून पुढे जायला हरकत नाही. चालकाने वाटेत पेटवली तर छातीवर हात ठेवून ‘दमा’ एवढं त्याच्या भाषेत म्हणा. गाडीइतक्या लहान जागेत काच खाली केल्याने धूर पुरेसा जात नाही. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर 2015 पासून 18 वर्षांखालचं कोणी गाडीत असेल तर ओढणं बेकायदा आहे.

शेजारी ओढणाऱ्या अनोळखी माणसाला सांगावं का? कसं?

आधी स्वतःला विचारा की तिथे ओढायला परवानगी आहे का. असेल, तर तुम्ही विनंती करताय. नसेल, तर ते काम तिथल्या कर्मचाऱ्यांचं आहे. दोन्ही प्रसंगांत आरोपाचा सूर नको.

परवानगी असलेल्या जागी मी आधी जागा बदलायचा पर्याय पाहतो. तो नसेल तेव्हा थोडं हसून, हलक्या आवाजात, ‘माफ करा, मला धुराचा त्रास होतो, सिगारेट जरा त्या हातात धराल का?’ एवढंच. मागणी छोटी आणि लगेच करता येण्यासारखी हवी. ‘विझवा’ म्हटलं की माणूस अडून बसतो, ‘त्या हातात धरा’ म्हटलं की बहुतेक जण ऐकतात, आणि अनेक जण आपण होऊन विझवतातही. भाषा येत नसेल तर फोनवर हे वाक्य आधीच भाषांतर करून ठेवा आणि दाखवा. नुसतं नाकापुढे हात हलवणं, तोंड वाकडं करणं किंवा मुद्दाम खोकणं जवळजवळ सगळीकडे अपमान समजलं जातं.

बंदी असलेल्या जागी वेटर किंवा व्यवस्थापकाला गाठा. बोट न दाखवता सांगा. फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, परक्या देशात तेवढ्यावरून प्रकरण चिघळू शकतं. समोरचा प्यायलेला असेल किंवा घोळक्यात असेल तर काहीच न बोलता उठा. तुमचा हक्क कितीही बरोबर असला तरी सुरक्षितपणे मुक्कामी पोचणं त्याहून महत्त्वाचं आहे.

आम्ही ज्यांच्या घरी उतरतोय ते यजमानच घरात ओढतात.

हे सगळ्यात अवघड, कारण प्रेमाने बोलावलेलं असतं. जायच्या आठवडाभर आधी फोनवर सांगा, पोचल्यावर नको. ‘आमच्यासाठी सवय मोडू नका, पण मला धुराने रात्री खोकला लागतो, म्हणून आम्ही जवळच्या हॉटेलात झोपू आणि दिवसभर तुमच्याकडे असू’ असं म्हटलं तर मान राहतो. बऱ्याचदा यजमान स्वतःहून बाहेर जाऊन ओढायला तयार होतात. खिडकी उघडून किंवा दुसऱ्या खोलीत ओढून चालेल, असं म्हणाले तर मात्र खरं ते सांगा. अमेरिकेतल्या वायुवीजन अभियंत्यांची ॲश्रे ही संस्थासुद्धा म्हणते की पंखे, खिडक्या, यंत्रं यांनी धुराचा धोका संपत नाही. आत न ओढणं हाच उपाय.

माझ्या आईला दमा आहे. तिला घेऊन जावं का?

जरूर जा, तयारी करून. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, रोजचा इन्हेलर नियमित चालू आहे ना हे पाहा, आणि त्रास वाढला तर काय करायचं ते लिहून घ्या. तातडीचा इन्हेलर हातातल्या पर्समध्ये, दुसरा केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात एकही नको. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या. सालब्युटामॉल हेच औषध अमेरिकेत अल्ब्युटेरॉल नावाने मिळतं, आणि ऐनवेळी औषधाच्या दुकानात याच गोष्टीवर वेळ जातो.

आईला आपल्यामुळे सगळ्यांची अडचण होतेय असं वाटून ती त्रास लपवण्याची शक्यता असते. तेव्हा टेबल निवडायचं काम तिच्यावर टाकू नका, तुम्हीच आधी जाऊन बघून या. इन्हेलर घेऊनही आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत 112 हा क्रमांक चालतो.

लहान मूल सोबत आहे किंवा पत्नी गरोदर आहे. वेगळी काय काळजी?

मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणून तेवढ्याच वेळात त्यांच्या अंगात जास्त धूर जातो. ढकलगाडीतल्या मुलाचं तोंड बरोबर ओढणाऱ्याच्या खाली आणलेल्या हाताच्या उंचीवर असतं, हे गर्दीत विसरायला होतं. गाडीची दिशा बदलत चला. गरोदरपणात धुराचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी जोडला गेला आहे. अशा सहलीत हॉटेलवर थोडे जास्त पैसे खर्च करून पूर्ण धूरमुक्त इमारतच निवडावी, असं माझं ठाम मत आहे. काटकसर दुसरीकडे करा.

मास्क लावून काम भागतं का?

काही अंशी. एन95 किंवा एफएफपी2 मास्क नीट बसला असेल तर धुराचे सूक्ष्म कण बऱ्यापैकी अडवतो, पण वायू आणि वास आत येतातच. सक्रिय कोळशाचा थर असलेला मास्क वास थोडा वेळ कमी करतो. साध्या कापडी मास्कचा किंवा ओढणीचा उपयोग फारसा नाही. फलाट, रांग, टॅक्सी यांपुरता मास्क ठीक. तासभर धुरात बसायचं असेल तर मास्क हा उपाय नव्हे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर असे दिवस चष्म्यावर काढा, चुरचुर बरीच कमी होते.

ई-सिगारेट आणि हुक्का यांचं काय?

ई-सिगारेटमधून पाण्याची वाफ निघते हा समज चुकीचा आहे, त्या फवाऱ्यात निकोटीन आणि सूक्ष्म कण असतात. नियम देशादेशांत फारच निराळे आहेत. सिंगापूर आणि थायलंडमध्ये त्यांवर बंदी आहे, तर फ्रान्सच्या 2025 च्या बाहेरच्या जागांसाठीच्या नियमातून त्या वगळल्या आहेत. जपानमध्ये तापवून ओढायच्या तंबाखूसाठी वेगळे कक्ष असतात आणि तिथे जेवायलाही देतात. तेव्हा ‘धूर नाही’ म्हणून तुम्हाला त्या भागात बसवत नाहीत ना, हे विचारून घ्या.

हुक्क्याच्या ठिकाणी धोका कोळशाचा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो वासावरून कळत नाही. बंद खोलीत बसून डोकं दुखू लागलं, मळमळलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

लास वेगासला कॅसिनोत जायचंच नाही, तरी त्रास होईल?

होऊ शकतो. तिथल्या अनेक मोठ्या हॉटेलांत खोलीकडे जाणाऱ्या लिफ्ट कॅसिनोच्या पलीकडे असतात आणि खेळाच्या जागेत ओढायला परवानगी आहे. कॅसिनो नसलेलं किंवा पूर्ण धूरमुक्त हॉटेल शोधा.

कपड्यांना आणि केसांना बसलेला वास कसा घालवायचा?

खोलीवर येताच कपडे बदला, पलंगावर टाकू नका. ते एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत वेगळे ठेवा किंवा बाहेर वाऱ्यावर टांगा. केस धुतल्याशिवाय उशीवर डोकं टेकलं तर रात्रभर तोच वास येतो. लोकरीचा कोट सारखा धुता येत नाही, म्हणून धुराच्या जागी वरून धुता येण्यासारखं जाकीट घाला.

सोबतचे लोक कंटाळतात. ‘तुझ्यामुळे कुठेच बसता येत नाही’ म्हणतात.

दर वेळी ऐनवेळी नकार दिला तर त्यांनाही वैताग येणारच. निघण्याआधी एकदा शांतपणे सांगून टाका की मुक्काम धूरमुक्त हवा आणि जेवण आत बसून हवं. या दोन अटी पाळल्या गेल्या तर बाकीच्या बाबतीत जुळवून घ्या. एखाद्या संध्याकाळी त्यांना धुराच्या बारमध्ये गाणं ऐकायचं असेल तर त्यांना जाऊ द्या, तुम्ही नदीकाठी फिरून या. शिवाय जागा शोधायचं काम तुम्ही अंगावर घ्या. रोज दोन चांगली ठिकाणं आधीच हेरून ठेवणाऱ्या माणसावर कोणी फार काळ चिडत नाही.

मी सिगारेट सोडली आहे. तिथे सगळे ओढताना दिसले की पुन्हा ओढावीशी वाटते.

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण ज्यांना पडतो त्यांच्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा असतो. घरचा दिनक्रम मोडलेला, झोप अपुरी, हातात पेय आणि शेजारी धूर, अशा वेळी मनाची ओढ वाढणं स्वाभाविक आहे. ही उबळ साधारणपणे काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जागेवरून उठा, चालून या, पाणी प्या. निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरत असाल तर त्या सहलीपुरत्या बंद करू नका, पुरेशा सोबत न्या आणि त्या देशात नेता येतात ना ते तपासा. ड्यूटी-फ्री दुकानात तंबाखूच्या भागातून न जाता वळसा घाला. सोबतच्या एका माणसाला हे सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही टेबलावरून अचानक उठलात तरी तो विचारत बसणार नाही.

परत आल्यावर खोकला राहिला तर?

धुरातून दूर आल्यावर घशाची खवखव सहसा काही दिवसांत जाते. खोकला तीन आठवड्यांपुढे रेंगाळला, धाप लागू लागली किंवा कफात रक्त दिसलं तर धुराचं निमित्त न करता डॉक्टरांकडे जा.

हॉटेल आणि रेस्टॉरंटबद्दल अभिप्राय लिहावा का?

जरूर लिहा. ‘धूर होता’ एवढं पुरत नाही. कोणता महिना, कितवा मजला, खिडकी कोणत्या बाजूला, वास जुना होता की ताजा, तक्रार केल्यावर किती वेळात काय केलं, हे लिहा. रेस्टॉरंटबद्दल आत बसलात की बाहेर, आणि कट्ट्याला पडदे होते का, तेही लिहा. जागा खरोखर धूरमुक्त निघाली तर तेही आवर्जून नोंदवा. दमा असलेला पुढचा प्रवासी तेच शोधत असतो आणि बहुतेक अभिप्रायांत फक्त नाश्त्याचं वर्णन सापडतं.